बसूअण्णाच्या दातावरची रेघ

भांडण हुरड्यावरून सुरू झालं. रविवारी आम्ही सगळे बसूअण्णाच्या रानात गेलो होतो, मंगळवेढ्याच्या अलीकडं. गोवऱ्यांची आगटी, गुळभेंडीची कणसं, शेंगाचटणी, दही, गूळ, सगळं रीतसर. नंद्या तेवढा बाजूला बाभळीखाली बसून उकडलेली अंडी सोलत होता. अंडी घरून डब्यात आणलेली. बसूअण्णानं गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि हिरवे दाणे त्याच्यापुढं धरले, तर ह्यानं हात मागं घेतला.

"धान्य सोडलंय मी."

अण्णा तेव्हा काही बोलला नाही. पाहुणा रानात आला की त्याला बोलायचं नसतं, हा त्याचा नेम. सोमवारी संध्याकाळी मात्र तो उरलेल्या हुरड्याचा डबा घेऊन कट्ट्यावर हजर.

कट्टा म्हणजे काय, तर सोलापुरात सात रस्त्याकडून आत वळलं की एक झेरॉक्सचं दुकान लागतं, चार वर्षं बंद आहे, त्याच्या तीन पायऱ्या. समोर लक्ष्मीअक्काची चहाची नि आंबिलीची गाडी. वरच्या पायरीवर सर बसतात, कारण त्यांचे गुडघे. निवृत्त आहेत, शाळेत इतिहास शिकवला, पण पुरातत्त्वाचं एम. ए. पुण्याला डेक्कन कॉलेजात केलेलं आणि ते अजून उतरलेलं नाही. मधल्या पायरीवर दातांचे डॉक्टर, दवाखाना बंद केल्यावर येतात. खाली आम्ही उरलेले. मी बँकेतून सुटलेला. नंद्याचं मोबाइलचं दुकान आहे. गिऱ्हाईक कमी आणि नेट भरपूर, त्यामुळं वाचन दांडगं.

"का बे," अण्णानं डबा उघडून सुरुवात केली, "माझ्या ज्वारीनं तुझं काय घोडं मारलं?"

"तुझ्या नाही अण्णा, सगळ्याच धान्यानं. दहा हजार वर्षं माणूस फसलाय." नंद्याला तीन महिन्यांपूर्वी साखर निघाली, हे कट्ट्याला माहीत आहे. तेव्हापासून त्यानं भात, पोळी, भाकरी सगळं बंद केलंय आणि वजनही सहा किलो उतरवलंय, हे कबूल करायला हवं. पण वजन उतरलं की माणसाला तत्त्वज्ञान चढतं. "शेती करायच्या आधी माणूस धट्टाकट्टा होता. शिकार, कंदमुळं, फळं. शेती आली आणि वाट लागली. हे मी नाही म्हणत, सांगाडे म्हणतात."

"सांगाडे बोलतेत होय रे?" अक्का गाळणीत चहापत्ती झटकत म्हणाली.

बोलतात, असं नंद्याचं म्हणणं, आणि त्यानं पुरावेही काढले. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिक्सन माउंड्स म्हणून जागा आहे. तिथल्या लोकांनी बाराव्या शतकाच्या सुमाराला मक्याची शेती जोरात धरली. त्यांच्या आधीचे आणि नंतरचे सांगाडे एकाच ठिकाणी सापडले, म्हणजे तुलनेला आयतीच सोय. नंतरच्या लोकांच्या दातांवर वाढ अडल्याच्या खुणा जवळजवळ निम्म्यानं वाढलेल्या, रक्त कमी असल्यावर कवटीच्या हाडाला जी चाळणी पडते ती चौपट, जंतुसंसर्गाच्या जखमा तिप्पट. जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य २६ वरून १९ वर. १९८७ साली जॅरेड डायमंड या अमेरिकन लेखकानं तर लिहूनच टाकलं की शेती ही माणसानं केलेली सर्वांत मोठी चूक.

"आणि उंची? २०२२ मध्ये युरोपातले १६७ सांगाडे तपासले. त्यांच्या डीएनएवरून उंची किती यायला हवी होती ते काढलं आणि प्रत्यक्षात किती होती ते मोजलं. पहिले शेतकरी जवळजवळ चार सेंटिमीटरनी बुटके. ३.८, बरोबर आकडा."

"माझ्याकडं बघून का बोलायला रे?" अण्णा म्हणाला. अण्णा पाच फूट दोन इंच आहे.

"आपल्याकडचं बघ की मग. उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्हा, सराय नाहर राय. शेतीच्या आधीची माणसं. सहा फुटांच्या आसपास उंची एकेकाची. दात बघा, किडलेला शोधावा लागतो."

इथपर्यंत नंद्या खरंच चांगला बोलला. सर मान हलवत होते, आणि सरांनी मान हलवली की आम्हाला वाटतं प्रकरण संपलं. पण सरांची एक सवय आहे. समोरच्याला आधी पूर्ण दूरवर जाऊ देतात.

"त्याच भागात महादहा आहे," सर म्हणाले. "तेही शिकारीच. त्यांचे सांधे बघितलेस का? झिजलेले. आणि दातांचं म्हणशील तर मोरोक्कोत ताफोराल्टची गुहा आहे. पंधरा-चौदा हजार वर्षांपूर्वीची माणसं, शेतीचं नाव नाही. निम्म्याहून जास्त दात किडलेले."

"कशानं?"

"ओकची फळं. पिष्टमय, चिकट. चिलगोजे. डॉक्टर, तुम्ही सांगा."

"दाताला काय कळतंय ते रानातलं आहे का शेतातलं," डॉक्टर म्हणाले. "पिष्ट दातात अडकलं, जंतूंनी खाल्लं, आम्ल सुटलं, दात गेला. नंदू, तुमचा आदिमानवाचा आहार म्हणजे कुठल्या आदिमानवाचा, ते आधी ठरवा. अंडी रोज सहा कुठल्या गुहेत मिळत होती?"

सगळे हसले. नंद्या चिडला. "तुमचा धंदाच धान्यावर चाललाय डॉक्टर, तुम्ही तेच बोलणार."

"साखरेवर चाललाय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "उजनीचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. ज्वारी खाणाऱ्या म्हाताऱ्यांचे दात झिजलेले असायचे, किडलेले कमी. जात्याच्या दगडाची कच पिठात उतरायची, ती दात घासून काढायची. आता नातवंडं येतात, चार वर्षांची, सहा दात काळे. पण धंदा जुना आहे बरं का आमचा. मेहरगढला, आता पाकिस्तानात बलुचिस्तानात, नऊ माणसांच्या अकरा दाढांना भोकं पाडलेली सापडली. साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीची. गारगोटीचं टोक बसवलेलं भोकपाडं, धनुकलीनं फिरवायचं. भोक अर्ध्यापासून साडेतीन मिलिमीटरपर्यंत खोल."

"भूल?" मी विचारलं.

"कसली भूल! आणि भोकाच्या कडा नंतर चावून चावून गुळगुळीत झालेल्या. म्हणजे पेशंट जगला, जेवला. पैसे दिले का नाही ते हाडांवरून कळत नाही."

अण्णाला ह्या सगळ्यात आपली ज्वारी कुठं आहे ते कळेना. "सर, शिकारी फिकारी राहू द्या. आपल्या भागात काय सापडलंय ते सांगा. आपली माणसं ज्वारी खाऊन धडधाकट होती का नव्हती?"

सर जरा पुढं सरकले. आता त्यांचं इनामगाव येणार, हे आम्ही ओळखलं.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजनं तिथं खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही माणसं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७००, म्हणजे नऊशे वर्षं एकाच जागी नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव. "मुख्य पीक सातू," सर म्हणाले. "अण्णा, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी ज्वारी मुळात आफ्रिकेतली, सुदानकडची. इकडं पाहुणी म्हणून आली."

"मालदांडी?"

"मालदांडी इथंच घडली. तिची पणजी तिकडची."

अण्णानं डब्याचं झाकण लावलं. थोडा वेळ तो आफ्रिकेवर नाराज होता.

इनामगावात दोनशेच्या वर पुरलेली माणसं सापडली आणि त्यांत पोरंच जास्त, असं सर सांगू लागले. पोर गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत पोराला निजवायचं, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. मोठ्या माणसाला सरळ झोपवून पुरायचे, पण घोट्याखाली पाय तोडून.

"पाय का?" नंद्यानं विचारलं.

"पळून जाऊ नये, भूत होऊन परत फिरू नये, असं काही असेल. ते काही त्यांनी लिहून ठेवलेलं नाही."

"आणि पोरं घरातच?" अक्काचा हात थांबला होता. "आई रोज वरनं सारवणार, वरनंच चूल पेटवणार..."

"वरच."

अक्कानं गॅस बारीक केला. पुढं ती बराच वेळ गिऱ्हाइकाला उत्तर देताना पण कान आमच्याकडंच ठेवून होती.

"एकाचेच पाय तोडलेले नव्हते," सर म्हणाले. "पाच खोल्यांचं घर, अंगणात चार पायांचा मोठा रांजण, पोट फुगलेला, त्यात माणूस बसवलेला. पाय शाबूत. आणि त्याच घराला लागून धान्याचं कोठार."

"चेअरमन!" अण्णा आणि नंद्या एकदमच ओरडले. त्या संध्याकाळी दोघांचं एकमत झालेली ही एकच जागा.

मला विचाराल तर शेतीची खरी गोम मला तिथं दिसली, त्या कोठाराच्या भिंतीत. कंदमुळं फार दिवस साठवता येत नाहीत, धान्य साठवता येतं; आणि साठवलं की त्याला किल्ली लागते. मी तसं म्हणालो. सर म्हणाले, किल्लीचं खरं, पण दुष्काळात त्याच कोठारानं गाव तगलं असेल तेही धर. मी धरलं.

मग इनामगावच्या पोरांची गोष्ट निघाली. पाऊस कमी झाला, गहू गेला, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, हरणांची हाडं वाढली. म्हणजे शेवटच्या काळात ही माणसं परत अर्धी शिकारी, अर्धी धनगर झाली. जुन्या हाडांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव इथल्या पोरांची हाडं मोजली. शेवटच्या काळातल्या इनामगावच्या पोरांची वाढ खुंटलेली, अंगावर मांस कमी.

"आता बोल," सर नंद्याला म्हणाले. "शेती सोडून परत शिकारीकडं गेले. तब्येत सुधारायला हवी होती की नाही तुझ्या हिशेबानं?"

"ते नाइलाजानं गेले ना सर! आवडीनं जाणं वेगळं."

हे उत्तर चांगलं होतं. सरांनीही दाद दिली.

"पण हाडांवरून एवढं कळतंय कसं?" मी डॉक्टरांना विचारलं. खरं तर नंद्याला जरा श्वास घ्यायला मिळावा म्हणून.

डॉक्टर हाडापेक्षा दातावर जास्त विश्वास ठेवतात, साहजिक आहे. हाड जन्मभर मोडतं आणि नव्यानं बांधलं जातं, जुनी खूण पुसट होते. दाताचं कवच मात्र एकदाच तयार होतं. पक्के दात हिरडीत असतानाच थराथरानं घडतात. समोरच्या वरच्या दाताचं कवच पोर तीन-चार महिन्यांचं असताना सुरू होतं आणि चार-पाच वर्षांचं झालं की पुरं. टोक आधी, हिरडीकडचा भाग शेवटी. त्या काळात पोर उपाशी राहिलं, किंवा जबर ताप आला, तर कवच घालणाऱ्या पेशी काम थांबवतात. शरीर म्हणतं, आधी जगू, दाताचं नंतर बघू. पोर सावरलं की काम पुन्हा सुरू. मधे राहते ती आडवी रेघ. आमच्या डेक्कन कॉलेजचे वाळिंबे आणि अमेरिकेचे लुकाच यांनी इनामगावच्या पोरांचे दुधाचे सुळे बघितले, असं सरांनी मधेच घातलं. त्यावरचे खड्डे म्हणजे जन्माच्या आगेमागे झालेले हाल.

"मागासारखं," अक्का म्हणाली.

आम्ही तिच्याकडं बघितलं.

"आमचे हे पावरलूमवर होते की. माग मधीच थांबवला, मग चालू केला, की चादरीवर आडवी रेघ पडती. धू, इस्त्री कर, काय पण कर, जात नाही. मालक बोट ठेवून पैशे कापायचा."

डॉक्टर म्हणाले की इतकी चांगली उपमा त्यांना कॉलेजात कुणी दिली नव्हती. अक्कानं त्यांच्या चहात आलं जास्त घातलं.

मग डॉक्टर एकदम म्हणाले, "अण्णा, तोंड उघडा जरा."

"आं?"

"वरचे समोरचे दोन. मी पाच वर्षं बघतोय, बोललो नाही." डॉक्टरांनी मोबाइलची बॅटरी लावली. आम्ही सगळे वाकलो. अण्णाचे दात तंबाखूनं पिवळे, पण उजेड तिरका पडल्यावर दिसली: दोन्ही मोठ्या दातांवर, एकाच उंचीवर, निम्म्यात, नखानं ओरखडा काढावा तशी आडवी खाच. एका दातावरची रेघ दुसऱ्यावर पुढं गेल्यासारखी. डॉक्टरांनी काडेपेटीतली काडी घेऊन टोकापासून खाचेपर्यंतचं अंतर दाखवलं. "निम्म्यात, म्हणजे अंदाजे दोन-अडीच वर्षांचे असताना. जन्मसाल?"

"सत्तर."

कुणी काही बोललं नाही. सत्तरमध्ये दोन-अडीच मिळवायला कट्ट्यावर कुणाला बोटं मोजावी लागत नाहीत. आमच्या जिल्ह्यात बहात्तर म्हटलं की पुढं 'चा दुष्काळ' म्हणायचीही गरज पडत नाही.

"आई खडी फोडायला जायची," अण्णा तोंड मिटून म्हणाला. "पंढरपूरच्या रस्त्यावर. मला पाटीत ठेवून. मला काय आठवणार, ती सांगायची. सुकडी मिळायची. आणि मिलो."

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. थोरामोठ्यांच्या बोलण्यात अजून येते. भाकरी लाल व्हायची, थापताना चिरायची. त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सर हळूच म्हणाले की बघ, ती पण ज्वारीच. आफ्रिकेतून एक बहीण इकडं आली, एक अमेरिकेला गेली, आणि बहात्तरला इकडची आटली तेव्हा तिकडची धावून आली. अण्णा म्हणाला, चव नव्हती म्हणे तिला.

नंद्याला वाटलं आता आपली बाजू उचलून धरली गेली. "हेच मी म्हणतोय! एका पिकावर जीव टांगला, पाऊस हुकला, की लेकराच्या दातावर रेघ. शिकाऱ्याला शंभर जिन्नस. एक नाही तर दुसरं."

"रेघ गोवराची पण असू शकते," डॉक्टर म्हणाले. "तापाची, हगवणीची. दात एवढंच सांगतो की काम थांबलं होतं. का थांबलं ते सांगत नाही."

"उपाशी पोराला गोवर जड जातो," अक्का म्हणाली.

तेही खरं.

सर मात्र कधीपासून काहीतरी धरून बसले होते. "नंदू, रेघ वाईट की चांगली?"

"वाईटच की!"

"१९९२ मध्ये चार संशोधकांनी हाच प्रश्न विचारला आणि सगळ्या सांगाडेवाल्यांची झोप उडवली. जेम्स वुड आणि त्यांचे साथीदार. त्यांचं म्हणणं असं, की खूण उमटायला वेळ लागतो. म्हणजे ज्याच्या हाडावर खूण, तो आजारपणातून निदान काही दिवस तरी तगला. जो चार दिवसांत गेला त्याची हाडं कोरी. आता तुम्ही स्मशान उकरलंत. खुणावाला सांगाडा आजारी म्हणाल आणि कोरा निरोगी म्हणाल. उलटं असू शकतं."

नंद्या म्हणाला, "हे वकिली झालं सर."

तेव्हा बसूअण्णा बोलला. डबा मांडीवर होता, त्याच्या झाकणावर बोट फिरवत होता.

"माझ्या पाठीवर एक भाऊ होता. नऊ महिन्यांचा. त्याच उन्हाळ्यात गेला. हगवण लागली, चौथ्या दिवशी संपला. आमच्यात पुरतात. रानात, बांधाच्या कडंला आहे तो, काल तुम्ही जिथं मोटारसायकली लावल्या ना, त्याच्या वरच्या अंगाला." थांबला. "म्हणजे उद्या कुणी खणलं तर आधी त्याचं हाड बघणार, मग माझं. आणि लिहिणार, धाकटा ठणठणीत होता, थोरला आजारी."

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. ती तेवढा वेळ चालूच राहिली होती.

रस्त्यावरून एक लग्नाचा बँड रिकामा परत चालला होता, वाजवत नव्हता, नुसते लोक चालले होते. तो जाईपर्यंत कुणी बोललं नाही. नंद्याचं बोट मोबाइलवर होतं पण पडदा काळा होता.

शेवटी अक्कानंच विषय हलवला. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. "सर, सगळं पोरांचं नि बाप्यांचं झालं. बायकांची हाडं काय म्हणतात?"

इथं सरांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात आवडलं, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो. सीरियात अबू हुरेरा म्हणून गाव होतं, धान्य पेरायला सुरुवात करणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी. तिथली हाडं थेया मॉलेसन नावाच्या बाईंनी तपासली. पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला आणि मागं वळलेला, गुडघ्यांवर दाबाच्या खुणा, पाठीचे खालचे मणके खराब, दंडाची हाडं दणकट. हे सगळं एकत्र येतं कधी? गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं मागं दुमडून, आडव्या दगडावर दुसरा दगड पुढं-मागं लोटत तासन्‌तास दळलं तर. फिरतं जातं तेव्हा नव्हतंच, ते फार नंतरचं. इनामगावात पण असेच रगडायचे दगड. आणि खुणा बहुतेक बायकांच्याच हाडांवर. केंब्रिजच्या लोकांनी २०१७ मध्ये मोजलं तर युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं आजच्या वल्हं मारणाऱ्या खेळाडू मुलींपेक्षा ११ ते १६ टक्के भक्कम निघाली.

"म्हणजे शेतीचा शोध बाप्यानं लावला का बाईनं ते माहीत नाही, पण दळायला कोण बसलं ते कळलं," अक्का म्हणाली. "माझं हाड काढलं तर काय दिसंल डॉक्टर? तीस वर्षं विड्या वळल्या. सूप मांडीवर, मान खाली. दिवसाला हजार."

"मान," डॉक्टर म्हणाले. "मानेचे मणके. आणि बोटांचे सांधे."

"आणि ओळखतील का विड्या होत्या म्हणून?"

"नाही ओळखणार. म्हणतील काहीतरी बारीक काम बसून करत होती."

"बारीक काम," अक्का स्वतःशीच म्हणाली आणि हसली. ते हसणं मला नीट लिहिता येणार नाही.

एवढ्यानं नंद्या गप्प बसेल तर तो नंद्या कसला. त्यानं शेवटचा पत्ता टाकला: सगळं मान्य, मग एवढी रड असताना माणसानं शेती धरली का? आणि सोडली का नाही?

ह्याचं उत्तर अक्काच्या गाडीवरच होतं, सर म्हणाले. आंबील. फिरत्या टोळीतल्या बाईला मूल तीन-चार वर्षं अंगावर पाजावं लागतं. तोवर दुसरं होत नाही, आणि झालं तर दोघांना उचलून फिरणार कशी? गावात बसलं, धान्य आलं, मडकं आलं, पेज आली. सहाव्या-आठव्या महिन्यात पोराच्या तोंडाला आंबील लावली की दूध लवकर तुटतं आणि पुढचा पाळणा लवकर हलतो. पोरं जास्त होतात, जास्त मरतात, आणि तरीही उरतात ती शिकाऱ्यांपेक्षा जास्तच. "तुझ्या डिक्सन माउंड्सचं २६ चं १९ झालं ना, त्यात ही पण गंमत आहे. जिथं पोरं जास्त जन्मतात तिथल्या स्मशानात पोरं जास्तच असणार. सरासरी वय आपोआप खाली येतं. तेवढ्यावरून सगळे लवकर मरत होते असं होत नाही. बाकी दातांचं, रक्ताचं खरं आहे, ते मी खोडत नाही. आणि सोडायचं म्हणशील तर चार पिढ्यांत पोटं एवढी वाढली की रान पुरणार कुठून?"

"म्हणजे शेती चूक होती का नाही, एक सांगा," नंद्या हट्टाला पेटला.

"कुणाची तब्येत विचारतोस त्यावर आहे. रांजणातल्याची, मडक्यातल्याची, का दगडापाशी बसलेल्या बाईची."

नंद्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, सर उत्तर टाळतात. मला विचाराल तर नंद्या निम्मा बरोबर आहे. त्याची साखर खरी आहे, आणि रोज रात्री नऊला शटर ओढेपर्यंत स्टुलावरून न उठणाऱ्या माणसाला भाकरी कमी केल्यानं बरं वाटलं असेल तर त्यात नवल नाही. फक्त त्यासाठी दहा हजार वर्षं मागं जायची गरज नव्हती, सकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत चालत गेला असता तरी चाललं असतं. हे मी त्याला म्हणालो नाही. सहा किलो उतरवलेल्या माणसाशी मी बोलत नाही, माझं एकही उतरलेलं नाही.

साडेआठ झाले. अक्का गाडी आवरायला लागली. नंद्यानं उठता उठता अण्णाच्या डब्यातून चिमूटभर हुरडा उचलला, तोंडात टाकला आणि "गार झालाय," म्हणाला.

"काल गरम होता," अण्णा म्हणाला.

डॉक्टर गाडीची किल्ली शोधत होते. अण्णा त्यांच्याजवळ गेला आणि आवाज खाली आणून, पण आम्हाला ऐकू जाईल इतपतच, विचारलं, "डॉक्टर, ती खाच भरून मिळती का?"

"मिळते की. दाताच्या रंगाचं भरायचं, अर्ध्या तासाचं काम. कळणार पण नाही कुणाला."

"पोरीचं लग्न आहे मे महिन्यात. फोटो निघतील." अण्णानं वरच्या दातांवरून जीभ फिरवली. "दोन्हींचे मिळून किती पडतील? कट्ट्याचा भाव सांगा."